फोटोतली चिकोंडी

नागाळा पार्क, कोल्हापूर
११ जुलै १९९६

सुवा,

आधी सलाम, मग भांडण.

तुझं पत्र पोचलं. चार पानं लिहिलीस, त्यात तळं, डोंगर, दवाखान्याचं पत्र्याचं छप्पर सगळं आलं. आणि शेवटी काय, तर "इथल्या सर्वांसाठी प्रार्थना करा." आज गुरुवार, चर्चच्या स्त्री-मंडळात मी ते वाचून दाखवलं. बयाबाई म्हणाली, "सर्वांसाठी म्हंजी कुणासाठी? देवाला काय नाव-गाव सांगायचं का न्हाय? मोघम बोललेलं मला चालत न्हाय, त्याला काय चालंल?"

तुला आमची पद्धत माहीत आहे. पुठ्ठ्याचं एक कार्ड, त्यावर एक नाव, आणि ते कार्ड एका बाईकडे. तिनं रोज घरी प्रार्थना करायची आणि गुरुवारी चार वाजता सगळ्यांनी मिळून. तेव्हा नावं पाठव. कोण आजारी, कोण भांडखोर, कुणाचं काय अडलंय ते लिही. आणि एक फोटो पाठव. चेहरा डोळ्यांपुढे नसला की आमच्या बायकांची प्रार्थना रंगत नाही.

तुझ्या पणजीच्या वेळी परदेशातून मिशनरी इथं यायचे आणि तिकडच्या कुठल्या तरी गावात बायका आपल्यासाठी गुडघे टेकायच्या. आता आपल्या मंडळीतून पहिलीच बाई समुद्रापलीकडे गेली, ती तू. पाठवणारे होण्याची आम्हाला सवय नाही गं. चुकतमाकत शिकतोय. आमचे हे, म्हणजे तुझे मामा, रोज फौंड्रीतून आले की नकाशात आफ्रिकेतलं मलावी कुठंय ते पुन्हा बघतात.

आठव्या वर्षापासून तुला सांभाळलं, पण दोन वर्षं तू घरात नसणार हे अजून अंगवळणी पडत नाही. काल तीन माणसांच्या भाकरी थापल्या.

तुझी
शलोमी आत्या

—

मलावी
९ ऑगस्ट १९९६

आत्या,

भांडण मान्य, आणि सलामही. घे नावं.

आमच्या दवाखान्यात बाळंतपणाचा चार खाटांचा वॉर्ड आहे. स्वच्छ, पांढरा आणि पूर्ण रिकामा. मला इथं पाठवलं त्याच कामासाठी, आणि मी आल्यापासून एकही बाई त्या खाटांवर निजलेली नाही. गावातल्या बायका घरीच बाळंत होतात. गेल्या वर्षी दोघी रक्तस्रावानं गेल्या, दवाखाना हाकेच्या अंतरावर असताना. जानेवारीत मिशनची समिती येणार आहे. तोवर वॉर्ड असाच राहिला तर ते तो बंद करतील आणि मला परत पाठवतील.

सगळं अडतं ते अ‍ॅग्नेसबाईंपाशी. ती इथली सुईण. तीस वर्षांत तिनं अर्ध्या गावाला या जगात आणलंय. माझ्या आधीच्या नर्सनं तिला सगळ्यांदेखत "हात धू आणि बाहेर उभी राहा" म्हटलं होतं. तेव्हापासून ती दवाखान्याची पायरी चढत नाही, आणि ती चढत नाही म्हणून कुणीच चढत नाही. माझ्या सलामाला ती मान हलवते, तेवढीच.

दुसरं नाव चिकोंडी. आमच्या कारकुनाची बायको, पहिलटकरीण, पाचवा महिना. वॉर्डात यायला ती एकटीच तयार आहे, पण अ‍ॅग्नेस तिची सख्खी मावशी लागते. मावशी नको म्हणाली तर संपलं.

फोटोत आम्ही तिघी आहोत. उपासनेनंतर कारकुनानं काढला. अ‍ॅग्नेसबाई उभी राहिली हेच नवल.

सुवार्ता

—

कोल्हापूर
५ सप्टेंबर १९९६

सुवा,

फोटो मंडळात हातोहात फिरला. तू वाळलीस. हे मी लिहिणार नव्हते, लिहून गेले.

चिकोंडीला बघून सगळ्यांना बरं वाटलं. चांगली अंगापिंडानं भरलेली आहे, चेहरा करारी, पोट तर झग्यातून दिसतंच आहे. वय थोडं पुढचं वाटतं, पण पहिलटकरणीला उशीर होतोच कधीकधी. म्हणून तिचं कार्ड मी स्वतः घेतलं. अशा बाईला भीती जास्त असते. ती घाबरू नये, पाय सुजू नयेत, कंबर धरू नये, असं एकेक नाव घेऊन मागते.

अ‍ॅग्नेसचं कार्ड बयाबाईनं ओढूनच घेतलं. म्हणाली, "ताठा मोडायचं काम माझ्याकडं द्या. माझ्या नवऱ्याचा मोडला, हिचा काय घेऊन बसलाय." रोज पहाटे उठून तिच्या नावानं एवढ्या मोठ्यानं प्रार्थना करते की शेजारची रत्नव्वा विचारत आली, कुणाशी भांडण झालं म्हणून. रत्नव्वाला सगळं सांगितलं. ती लिंगायत, फुलं विकते, आपल्या मंडळीतली नाही. पण गुरुवारी आता दारात येऊन बसते आणि आमेन सगळ्यांच्या आधी म्हणते.

जेवणाबद्दल तू एक अक्षर लिहीत नाहीस. का?

आत्या

—

मलावी
२ ऑक्टोबर १९९६

आत्या,

सगळं ठीक आहे. जेवण छान असतं. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला न्सिमा म्हणतात, सोबत पालेभाजी. भाषा थोडी थोडी येते. हवा उत्तम आहे.

चिकोंडी अंगापिंडानं भरलेली आहे म्हणतेस? चष्म्याचा नंबर तपासून घे. पण तिच्यावर माया केलीस, बरं वाटलं. सातवा लागला तिला. अ‍ॅग्नेसबाईंचं अजून तसंच.

जास्त लिहायला काही नाही.

सुवार्ता

—

कोल्हापूर
२४ ऑक्टोबर १९९६

सुवा,

"हवा उत्तम आहे" असं माझी पोर कधी लिहीत नाही. जन्मात तू हवेबद्दल बोलली नाहीस. तेव्हा तुझ्या नावाचंही एक कार्ड केलं आहे आणि ते तुझ्या मामांकडे आहे. पुरुषाला कार्ड द्यायची ही पहिलीच वेळ. आणि माझा चष्मा ठीक आहे. तुम्हा नर्सलोकांना सगळ्याच काटकुळ्या दिसतात.

आता बातमी ऐक. आज आम्ही चिकोंडीचं डोहाळजेवण केलं!

सातवा म्हणालीस ना? तिला तिथं कोण करणार, म्हणून धोंडुबाईनं विषय काढला आणि मग कुणी थांबेचना. स्टुडिओत जाऊन तिचा चेहरा मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्यानं विचारलं, "मावशी, ह्या कोण पावण्या?" म्हटलं, "आमची माहेरवाशीण हाय, लांब दिलीय." फोटो खुर्चीवर बसवला. रत्नव्वानं शेवंतीचा मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा केला, आणि सगळं खुर्चीला बांधलं. पुरणपोळी, कटाची आमटी, पाच तऱ्हेचे भात. स्तोत्र म्हटलं. रत्नव्वानं कानडीत डोहाळ्याचं गाणं म्हटलं, कुणाला समजलं नाही, सगळ्या रडल्या.

पाळकसाहेब येऊन म्हणाले, ख्रिस्ती बायकांनी ओटी कशाला भरायची? बयाबाई म्हणाली, "तुमच्या बायकूची आम्हीच भरलीती की. तवा चार पोळ्या खाल्लासा, कुठं काय म्हणालासा?" मग ते बसले आणि परत चारच खाल्ल्या.

दोन झाकलेल्या वाट्या ठेवल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. फोटोला हात नाहीत म्हणून डोळे मिटून मीच वाटी उचलली. बर्फी निघाली. मुलगी होणार.

समारंभाचे फोटो धुऊन आले की हिरवी साडी, बांगड्या, कांदा-लसूण चटणी आणि ते फोटो पार्सलनं निघतील. धोंडुबाईनं फोटोवरून अंदाज घेऊन ब्लाउज शिवला, बेचाळीसचा. पेटी मामांनी फौंड्रीतल्या फळ्यांची ठोकली आहे, उघडायला पहार घे. चिकोंडीला सांग, ओझं उचलायचं नाही आणि दुपारी पाय वर घेऊन बसायचं. आम्ही बारा जणी आहोत तिच्या पाठीशी.

आत्या

—

मलावी
३० नोव्हेंबर १९९६

आत्या गं,

काय केलंत तुम्ही! हसू की रडू, कळत नाही. दोन्ही करून झालं आहे. आता क्रमानं लिहिते.

परवा पेटी आली. इथं कुणाचं पार्सल आलं की सगळं गाव बघायला येतं, आणि ही पेटी उघडायला चार माणसं आणि एक पहार लागली. अ‍ॅग्नेसबाईही आली. पायरीखाली, कमरेवर हात ठेवून उभी होती. सगळ्यांत वर समारंभाचे फोटो होते. मी पहिलाच फोटो उचलला.

आत्या, खुर्चीवर फुलांचा मुकुट घालून बसलेली चिकोंडी नाही. ती अ‍ॅग्नेसबाई आहे.

चिकोंडी ती दुसरी, माझ्या डावीकडची काटकुळी; तोंडावर सावली पडली म्हणून तुम्हाला तिचं वय कळलं नसेल. पाचव्या महिन्यात तिचं काही दिसतही नव्हतं. अ‍ॅग्नेसबाई अंगानं मोठी आहे, तेवढंच. ती बावन्न वर्षांची आहे. तिला मूल झालेलं नाही. सात वर्षं वाट बघून नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं, आणि त्यानंतर ती दुसऱ्यांची बाळंतपणं करायला लागली. हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी तोंडावर बोलत नाही. आणि मी सगळ्या गावासमोर तिच्या ओटीचे फोटो हातात धरून उभी!

लपवायला वेळच मिळाला नाही. ती पायरी चढून वर आली आणि फोटो माझ्या हातातून घेतला. उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "माझ्या तोंडाभोवती फुलं का बांधलीत?"

खोटं सुचलं असतं तर बोलले असते. सुचलं नाही. म्हटलं, "आमच्याकडे गरोदर बाईचं असं कौतुक करतात. माझ्या गावच्या बायकांना वाटलं, बाळ तुम्हाला होणार आहे. त्या तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतात. तुम्ही घाबरू नये म्हणून. पाय सुजू नयेत म्हणून. ओझं उचलू नका, असंही त्यांनी कळवलंय."

ती मटकन खाली बसली. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. मग आवाज फुटला आणि कळलं, हसतेय! पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढून हसली. तिच्याबरोबर सगळं गाव हसलं, शेवटी मीही.

मग एकदम थांबून तिनं विचारलं, "रोज?"

"रोज. आणि गुरुवारी सगळ्या मिळून."

"किती दिवस?"

"तीन महिने होत आले."

तिनं फोटोतल्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारलं. बयाबाई, धोंडुबाई, रत्नव्वा, सगळ्यांची. म्हणाली, "मी या हातांनी किती बाळं झेलली, मोजली नाहीत. माझे पाय दुखतात का, हे आजपर्यंत एका माणसानं विचारलं नव्हतं." तुझ्यावर बोट आल्यावर म्हणाली, "ही माझ्यापुढं वाकलेली कोण?" म्हटलं, माझी आत्या. "हिला मुलं किती?"

मी म्हटलं, "मी."

तिनं ब्लाउज उचलून तिथंच झग्यावरून घातला. अंगासरशी बसला. मग उठून घरी गेली आणि तिची सुईणपणाची पेटी आणून माझ्यापुढे ठेवली. "तुझ्या बायकांनी मला ओझं उचलायला मनाई केलीय ना? मग ही वॉर्डात नेऊन ठेव. चिकोंडीच्या वेळी मला लागेल."

आत्या, आता एक कबुली. मागच्या पत्रात सगळं ठीक आहे लिहिलं ते खोटं होतं. सप्टेंबरपासून माझी बॅग भरून खाटेखाली होती. कुणी बोलायचं नाही, काम नाही, न्सिमा घशाखाली उतरत नव्हता. काल बॅग रिकामी केली. चटणीशी न्सिमा फार छान लागतो.

सुवा

—

कोल्हापूर
१९ डिसेंबर १९९६

सुवा,

तुझं पत्र मी आधी घरी वाचलं आणि पाट घेऊन खाली बसले. मामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग आज मंडळात वाचलं.

मग बयाबाईनं कपाळावर हात मारला. "आगं बाई, तीन म्हयने मी एका गरवार पोरीकडं बघून 'हिचा ताठा मोड, हिला वाकीव' म्हणालोय की गं! तिला काय झालं म्हंजी?" तिचं तोंड बघून सगळ्यांचा बांध फुटला. धोंडुबाई हसता हसता बाकावरून घसरली. पाळकसाहेब धावत आले, काय झालं म्हणून. त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, देवाला पत्ता वाचता येतो. त्यांच्या आजवरच्या प्रवचनांपेक्षा हे वाक्य चांगलं होतं, आणि मी तसं सांगितलंही.

बयाबाईनं आता दोन्ही कार्डं स्वतःकडे घेतली आहेत. चिकोंडीचं नाव घेताना इतकं हळू बोलते की आम्हाला ऐकू येत नाही. वॉर्डात काय झालं ते लगेच कळव. आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला आहे.

मुलं किती विचारल्यावर तू काय म्हणालीस, ती एक ओळ मी मंडळात वाचली नाही. ती माझी आहे.

आत्या

—

मलावी
९ जानेवारी १९९७

आत्या,

मुलगी! तुझी बर्फी खरी ठरली.

नाताळाच्या दोन दिवस आधी, भर दुपारी. चिकोंडी मावशीचा हात धरून चालत वॉर्डात आली आणि मागं अर्धं गाव. बाळ पायाळू निघालं. मी पुस्तकात वाचलं होतं, एकदाच पाहिलं होतं. मी घाईनं पाय धरला तेव्हा अ‍ॅग्नेसबाई हळूच म्हणाली, "ओढू नको. थांब. ते स्वतः येतं." तिनं पोटावर हात ठेवले, मी खाली. डोकं सुटलं, पण बाळ रडेना. मी तोंड साफ करून फुंकर घातली, ती पाठ चोळत राहिली. मग आवाज आला, छपराचे पत्रे हलतील असा. नंतर चिकोंडीला रक्त जायला लागलं, तेव्हा मात्र इंजेक्शन आणि सलाईन माझं. अ‍ॅग्नेसबाई बघत होती. सगळं आटोक्यात आल्यावर म्हणाली, "त्या दोघींच्या वेळी माझ्याकडे हे नव्हतं." मग बाहेर जाऊन तिनंच बायकांना सांगितलं, यापुढे इथंच यायचं.

बाळाचं नाव तिनं ठेवलं. बया. बयाबाईंचा पश्चात्ताप मी तिला वाचून दाखवला, तो तिला इतका आवडला. आता मलावीत एक बया आहे.

त्यानंतर तिघी आल्या. परवा समिती आली तेव्हा दोन खाटा भरलेल्या होत्या आणि अ‍ॅग्नेसबाई हिरवी साडी गुंडाळून दारात उभी होती, जणू तपासणी ते नाही, तीच त्यांची घेतेय. वॉर्ड चालू राहणार आहे. आणि त्यांनी मला विचारलंय, दोन वर्षं झाल्यावर आणखी तीन वर्षं राहशील का.

मी हो म्हटलेलं नाही. तुला दोन वर्षं सांगून आले होते. मामांचे गुडघे, घरात करणारी तू एकटी, सगळं डोळ्यांपुढे येतं. मन इथं लागलंय हे खरं, लपवत नाही. पण तू ये म्हणालीस तर येईन, आणि रागानं येणार नाही. फेब्रुवारीअखेर उत्तर द्यायचंय.

अ‍ॅग्नेसबाई विचारते, तुमच्यापैकी कुणासाठी प्रार्थना करू? एकच नाव हवंय तिला. मोघम तिलाही चालत नाही.

सुवा

—

कोल्हापूर
३० जानेवारी १९९७

सुवा,

बया झाली हे ऐकून आमची बया चार गल्ल्यांत पेढे वाटत फिरली. लोकांनी विचारलं, नात झाली का? म्हणाली, "व्हय की! आफ्रिकेत." रत्नव्वानं बाळाच्या नावानं आज फुलांचा एक हार फुकट दिला, आणि तिला ओळखणाऱ्याला कळेल ही केवढी गोष्ट आहे.

तुझं पत्र मात्र मी आठ दिवस उशाखाली ठेवलं. मामांनाही दाखवलं नाही. उत्तर लिहायला बसायची आणि "ये" एवढंच लिहून कागद फाडायची. तीनदा असं झालं. आयुष्यभर मी बायबलमधल्या शब्दांत देवाजवळ म्हटलं, कापणी फार आहे, कामकरी पाठव. दुसऱ्याची पोर पाठव असं मी म्हणत होते हे मला आत्ता कळलं.

अ‍ॅग्नेसबाईंचा प्रश्न मी आज मंडळात वाचला. बारा जणींनी आपापल्या सुनांची, गुडघ्यांची, जमिनीच्या खटल्यांची नावं पुढे केली. कालवा झाला नुसता. मग मी उभी राहिले. पस्तीस वर्षं मी कार्डं वाटते आहे, माझ्या नावाचं कार्ड कधी झालं नाही. मी म्हटलं, "आज माझ्यासाठी करा. मला माझ्या पोरीला एक शब्द लिवायचा हाय, आणि हात उचलंना झालाय."

कुणी विचारलं नाही, कुठला शब्द. बयाबाई येऊन माझ्याजवळ बसली आणि माझे दोन्ही हात तिनं मांडीवर घेतले. एवढी बडबडी बाई, पण आवाज अगदी खाली आणला. म्हणाली, "देवा, ही शलोमी. हिला एकच हाय." एवढीच प्रार्थना. सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि मी पोटभर रडले. किती वर्षांचं होतं कुणास ठाऊक. मग धोंडुबाईनं चहा टाकला, साखर विसरली, तसाच प्यालो आणि हसलो.

घरी येऊन मामांना पत्र दिलं. त्यांनी वाचलं, नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "लांब हाय, पर हाय की तिथंच. कुठं जातंय?"

अ‍ॅग्नेसबाईंना माझं नाव दे. सांग, या आत्याला पोर लांब ठेवून आनंदात राहता यावं, एवढं रोज माग. माझी ती फोटोतली बाई रोज मागेल, मला खात्री आहे.

आता लिहिते. हात बरा चाललाय.

राहा, सुवा.

तुझी
आत्या